उपग्रहाकडे काटा नसतो: जंगलाचे वजन कसे काढतात?

पूर्व विदर्भातल्या एका गावात आम्ही ग्रामसभेला बसलो होतो. बाहेरून आलेल्या एका माणसाने लॅपटॉपवर रंगीत नकाशा दाखवला. गावाला सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जंगलात हेक्टरी किती टन बायोमास आहे, त्याचा किती कार्बन होतो आणि पुढे त्याचे पैसे कसे मिळू शकतात, हे त्याने भराभर सांगितले. मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "वरून जंगल मोजता, मग काटा कुठं लावता जी?" लोक हसले. "सॅटेलाइटवरून कळते," एवढे बोलून तो पुढच्या नकाशाकडे वळला.

खरे तर त्या सभेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. त्या दिवशी आम्हालाही त्याचे उत्तर नीट देता आले नसते. नंतर वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते इथे मांडत आहोत.

बायोमास म्हणजे काय?

बायोमासला मराठीत जैवभार म्हणतात. झाडाचे खोड, फांद्या आणि पाने यांतले पाणी पूर्ण सुकवल्यावर जे वजन उरते, तो जमिनीवरचा जैवभार. तो हेक्टरी टनांत सांगतात. या सुक्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो, असे आंतरराष्ट्रीय हिशेबात धरले जाते. कार्बनला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिळतो. म्हणजे एक टन जैवभार हा सुमारे १.७ टन कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे बाजारातले एक कार्बन क्रेडिट. त्यामुळे जैवभाराचा आकडा चुकला तर पैशाचा हिशेबही चुकतो.

झाड न तोडता वजन

झाडाचे खरे वजन करायचे तर ते तोडावे लागेल. शास्त्रज्ञांनी उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या सुमारे चार हजार तोडलेल्या झाडांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. त्यात छातीच्या उंचीवरची खोडाची जाडी, झाडाची उंची आणि लाकडाची घनता या तीन गोष्टी घातल्या की वजनाचा अंदाज येतो.

उदाहरण घेऊ. एका झाडाचा घेर टेपने ९४ सेंटिमीटर भरला, म्हणजे जाडी सुमारे ३० सेंटिमीटर. उंची १५ मीटर आणि लाकडाची घनता ०.६ धरली तर सूत्राप्रमाणे सुके वजन सुमारे ४४० किलो येते. त्यात कार्बन सुमारे २०५ किलो.

मग उपग्रह काय बघतो?

उपग्रह मुख्यतः तीन प्रकारे जंगल बघतो.

पहिला प्रकार फोटोसारखा. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ हे उपग्रह झाडांवरून परत येणारा सूर्यप्रकाश टिपतात आणि त्यावरून हिरवेपणा काढतात. पण त्यांना वरचा पानोरा दिसतो, खालचे खोड दिसत नाही. आपल्याकडचे साग आणि तेंदू उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात. तेच जंगल ऑक्टोबरात हिरवेगार आणि मार्चमध्ये उजाड दिसते. त्याचे वजन मात्र तेवढे बदललेले नसते.

दुसरा प्रकार रडारचा. उपग्रह स्वतः लहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. ढग किंवा अंधार आड येत नाही. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची आहे, ती पाने आणि बारीक फांद्यांवरूनच बरीचशी परत फिरते. सुमारे २४ सेंटिमीटरची लहर जाड फांद्या आणि खोडापर्यंत पोहोचते. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडला गेला, त्यात ही लहर आहे. त्याआधी २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने 'बायोमास' नावाचाच उपग्रह सोडला. त्याची लहर सुमारे ७० सेंटिमीटरची, म्हणजे दाट जंगलात आणखी खोल जाणारी.

तिसरा प्रकार लेझरचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे गेडी हे उपकरण लेझरचे झोत सोडते. शेंडा आणि जमीन यांच्यावरून प्रकाश परत येण्याच्या वेळेतल्या फरकावरून झाडांची उंची कळते. मात्र प्रत्येक झोत सुमारे २५ मीटर व्यासाच्या गोलापुरता असतो. दोन गोलांमधल्या जंगलाचा अंदाजच बांधावा लागतो.

म्हणजे हिरवेपणा, प्रतिध्वनी आणि उंची यांपैकी काहीही वजन नाही. वजनापर्यंत जाण्यासाठी आधी जमिनीवर काही तुकडे आखून तिथले प्रत्येक झाड टेपने मोजावे लागते. त्या तुकड्यांचे वजन आणि उपग्रहाचे आकडे यांचे नाते संगणकावर जुळवतात आणि तेच नाते उरलेल्या जंगलाला लावतात. आजीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: काटा वर नाही, जमिनीवरच्या टेपमध्ये आहे.

चूक कुठे होते?

मोजलेले तुकडे दुसऱ्याच प्रकारच्या जंगलातले असतील तर नाते चुकीचे लागते. बांबू आतून पोकळ असतो, त्याला झाडाचे सूत्र चालत नाही. पावसाने ओली झालेली जमीन आणि डोंगरउतार रडारचा प्रतिध्वनी बदलतात. जंगल दाट होत गेले की एका मर्यादेनंतर प्रतिध्वनी वाढतच नाही. म्हणूनच निसारचे उद्दिष्ट हेक्टरी १०० टनांपर्यंतच्या जंगलाचे ठेवले आहे. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत चुका एकमेकींना काही प्रमाणात झाकतात, पण एका गावाच्या लहान जंगलात त्या उघड्या पडतात.

आणखी एक गोष्ट. जैवभाराला मोह आणि निलगिरी यांतला फरक कळत नाही. लोकांना फुले, फळे, पाने देणाऱ्या विरळ जंगलापेक्षा एकाच जातीच्या लागवडीचे टन जास्त भरू शकतात. आकडा वाढला म्हणजे गावाचे भले झाले, असे नाही.

हे आपल्याला का कळायला हवे?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आज अशा अनेक ग्रामसभांपुढे कार्बनचे प्रस्ताव येऊ शकतात. या भागात आदिवासींबरोबर बौद्ध कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात ती 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटात येतात आणि त्यांना ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तिथेही उपग्रहाचे चित्र पुढे केले जाते. पण २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. दाव्याच्या कामात असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे पाठ असले पाहिजे.

कोणी नकाशा घेऊन आले तर हे प्रश्न विचारावेत:

- आकडा कोणत्या उपग्रहाचा, कोणत्या महिन्यातला?
- जमिनीवरचे तुकडे कुठे आणि कोणी मोजले? आमच्या जंगलात किती?
- बांबूचा हिशेब वेगळा केला आहे का?
- आकडा किती टक्के मागेपुढे होऊ शकतो?
- करार किती वर्षांचा, आणि त्या काळात मोह, तेंदू, सरपण, चराई यांवर बंधन येणार का?

सुरुवात गावातले तरुणच करू शकतात. ३१.६ मीटर बाजूचा चौरस आखला की एक दशांश हेक्टर होतो. त्यातल्या प्रत्येक झाडाचे नाव आणि घेर वहीत लिहायचा, मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्यायची आणि ती वही ग्रामसभेच्या दप्तरात ठेवायची. सेंटिनेलची चित्रे आणि क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर दोन्ही मोफत मिळतात. शिकलेल्या मुलामुलींनी एवढे शिकून घेतले तर गावाकडे स्वतःचा आकडा असेल.

आजींना आम्ही नंतर भेटून हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग त्यानं आमचं एक तरी झाड मोजलं का?" ग्रामसभेत सही करण्याआधी याचे उत्तर लेखी मागा.