माळशिरस ते वेळापूर

रात्री अडीच. पालात दिवा लागायच्या आधी बादल्यांचा खडखडाट कानावर येतो. टँकरपाशी बायकांची रांग लागलेली असते. अंधारातच अंघोळी उरकायच्या, उजाडलं की आडोसा राहत नाही. पुरुषांची पाळी नंतर. ज्ञानोबा माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरली, नातेपुते झालं, आता माळशिरसचा मुक्काम हलतो आहे.

साडेतीन-चार. पालं उतरतात. तंबू, वळकट्या, भांडी, पिठाची पोती, सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये. ट्रक पुढे गेला नाही तर दुपारी जेवण नाही, त्यामुळे इथे आळशी माणसाची गय होत नाही. भिशी भरली की जेवण-मुक्कामाची चिंता दिंडीची. आपण फक्त चालायचं आणि ओळ सोडायची नाही.

सहाच्या सुमारास कर्णा. पहिल्या कर्ण्याला आवरायचं, दुसऱ्याला आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल टाकायचं. ही शिस्त बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, 1832च्या सुमारास. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि वारीच्या रचनेत तो शिपाईगडी अजून दिसतो. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या, मागे दोनशेहून अधिक, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. पुढे पताका, मग टाळकरी, मधे पखवाज, त्यामागे विणेकरी, मग डोईवर तुळशी घेतलेल्या बाया. लाखोंच्या गर्दीत आपली माणसं शोधायला मोबाइल लागत नाही, रथापुढे की मागे आणि कितवी दिंडी एवढं ठाऊक असलं की पुरे.

लांबवर चालण्याची दुसरी तऱ्हाही असते. ब्रिटनमध्ये 1965 साली पेनाइन वे ही सुमारे 430 किलोमीटरची पायवाट खुली झाली. तिथला वाटसरू आपलं बिऱ्हाड पाठीवर घेतो, आपल्या चालीनं चालतो, थकला की थांबतो. एकांत हीच तिथली कमाई. इथे ओझं ट्रकमध्ये असतं, पण चाल तुमची नसते, ती टाळाची असते. माझ्यासारख्या लवकर दमणाऱ्याला हे बरं पडतं. शेजारचा सत्तरीचा माळकरी थांबत नाही म्हटल्यावर आपण कसे थांबणार?

वेळही भजनच सांगतं. सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, मग गौळणी. गौळणी सुरू झाल्या की ऊन चढलं समजावं. हरिपाठ दुपार कलल्यावर. त्याशिवाय वाराचे अभंग, सोमवारचे निराळे, गुरुवारचे निराळे. कॅलेंडर घरी ठेवून आलेल्या माणसालाही आज वार कोणता ते कळतं.

साडेआठ-नऊ. खुडूसचं गोल रिंगण. टीव्हीवर वारी म्हणून बहुतेक हेच दिसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात, एकावर जरीपटक्याचा स्वार, दुसऱ्यावर कोणी नाही. त्यावर माउली बसतात असा भाव. अश्व गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मला मात्र नंतरचा उडीचा खेळ अधिक आवडतो. शेकडो टाळ, पखवाज एका ठेक्यात येतात आणि इतका वेळ पाय दुखतात म्हणणारी मंडळी उड्या मारू लागतात.

दुपार. झुणका-भाकरी, आमटी, कधी भात. मग तासभर झाडाखाली आडवं. पायाला फोड आला असेल तर फोडायचा नाही, सुईनं दोरा ओवून ठेवायचा, पाणी आपोआप झिरपतं. ही जुनी वारकरी रीत. डॉक्टरांची पसंती घ्यायची असेल तर फिरते दवाखाने वाटेवर असतातच. शेजारची आजी म्हणाली, ‘माउली, पायाकडं बघू नगा, पुढच्याच्या पताकंकडं बघा.’ सल्ला वैद्यकीय नव्हता, पण लागू पडला.

चार-साडेचार. धावाबावीची टेकडी. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. पंढरपूर अजून तीसेक किलोमीटर आहे, कळस कोणालाच दिसत नाही, तरी सगळे उतारानं धावतात. मानाचं भारूडही इथलंच. पुढे वेळापूर, यादवकाळातल्या अर्धनारी नटेश्वराच्या मंदिराचं गाव. मंदिर पाहायला त्राण उरलं तर पाहावं. अनेकांना उरत नाही.

संध्याकाळ. समाज आरती. माझ्या मते वारी पाहायची तर इथे. पालखीतळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो, ‘हो’ असा पुकार होतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. एखादी दिंडी तरीही टाळ वाजवत राहिली, तर तिची तक्रार आहे असं समजायचं. कोणी क्रम मोडला असेल, जागा मिळाली नसेल, पाणी आलं नसेल. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, पालखी सोहळ्याच्या मालकांपुढे मांडतात, निवाडा होतो, टाळ थांबतो. अर्ज नाही, शिक्का नाही. मग हरवल्या-सापडल्याची यादी: चष्मा, पिशवी, पैशाचं पाकीट, एखादं माणूससुद्धा. उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. ज्या कचेऱ्यांत आपले अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांनी एक संध्याकाळ इथे काढायला हरकत नाही.

रात्री जेवण, कीर्तन, ज्यांना झेपेल त्यांना जागर. बाकीचे दहाच्या आत वळकटीवर. उद्या भंडीशेगाव.

सोलापूरकरांनो, पूर्ण वारी जमत नसेल तर हा एकोणीस-वीस किलोमीटरचा एक टप्पा चाला. नव्या चपला घालू नका, आधी विणेकऱ्याला विचारून ओळीत शिरा, फोटोसाठी ओळ तोडू नका. आणि समाज आरती झाल्याशिवाय परतीची एस.टी. धरू नका.