झोपलेल्या फोनला उठवायचं कुणी?

सव्वासहाची एसटी होती, म्हणून रात्री साडेपाचचा गजर लावला होता. जाग आली ती पावणेसातला, आईच्या हाकेनं. फोन उशाशीच होता. मी बाजूचं बटण दाबलं, पडदा उजळला आणि त्याच क्षणी गजर मोठ्या उत्साहानं वाजायला लागला.

"आता कशाला वाजतोय तो? गाडीनं जयसिंगपूर मागं टाकलं असेल," आई म्हणाली.

गंमत अशी, की फोन बिघडलेला नव्हता. तो झोपला होता आणि गजराचं ॲपही त्याच्याबरोबर झोपलं होतं. पडदा बंद केल्यावर थोड्या वेळानं फोन आपला मुख्य प्रोसेसर जवळजवळ थांबवतो, नाहीतर बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही. पण आतलं एक छोटंसं घड्याळ तेव्हाही चालू असतं. "साडेपाचला सगळ्यांना उठव," असं झोपण्याआधी त्याला कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. माझ्या फोनवरचं घड्याळाचं ॲप मात्र मुळात टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेलं. कॉम्प्युटर झोपला की त्याच्यावरचं सगळंच झोपणार, असं ते गृहीत धरून चालतं. बंद करून ठेवलेल्या लॅपटॉपनं पहाटे आपल्याला उठवावं, अशी अपेक्षा तरी कोण करतो?

गेले चार महिने मी हा फोन वापरतो आहे. हार्डवेअर २०१८ सालचं, क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचं. आत अँड्रॉइड नाही, पोस्टमार्केटओएस नावाची लिनक्स प्रणाली आहे. वनप्लस ६ आणि पोको एफ१ हे या चिपचे दोन फोन त्या वर्षी आपल्याकडे चांगले खपले. आज ते अनेक घरांत टीव्हीखालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेले असतील. लिनक्सवाल्यांचा मात्र या चिपवर विशेष जीव आहे. कारण पुढे येईल.

आधी एक गैरसमज. 'लिनक्सचा फोन' म्हटलं की लोकांना काहीतरी परग्रहावरचं वाटतं. पण तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सवरच चालतो. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली ज्याची सुरुवात केली तो गाभा, म्हणजे कर्नल, दोन्हीकडे एकच. प्रोसेसर, मेमरी, पडदा, स्पीकर यांच्याशी बोलायचं काम त्याचं. फरक आहे तो गाभ्याच्या वर काय रचलंय यात, आणि त्याहून जास्त, तो गाभा कुणाच्या ताब्यात आहे यात.

आपल्याकडे असले फोन याआधीही येऊन गेले. फिनलंडमध्ये नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी २०११ साली योला नावाची कंपनी काढली (फिनिश भाषेत योला म्हणजे लहान होडी) आणि सेलफिश ही प्रणाली आणली. २०१६ साली इंटेक्सनं ती ॲक्वा फिश या फोनमध्ये भारतात विकली, ५,४९९ रुपयांना. कुणाला आठवत नसेल, तर नवल नाही. पुढच्याच वर्षी १,५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन आला. त्यातली कायओएस ही प्रणालीसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर उभी होती. बटणांचा तो फोन भाजीवाल्यांपासून शेतमजुरांपर्यंत पोचला, पण आपण लिनक्स वापरतोय हे त्यातल्या कुणाला कळायचं कारणच नव्हतं. एखादी प्रणाली रुजल्याची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही.

तर, ही चिप का? फोन बनवणारी कंपनी लिनक्सच्या गाभ्याची एक प्रत घेते, चिपपुरते हजारो बदल त्यात करते आणि बहुतेक वेळा ती प्रत तिथेच गोठते. २०१८ चे हे फोन आले तेव्हा त्यांच्यात लिनक्स ४.९ होतं, म्हणजे २०१६ च्या अखेरचं. मूळ लिनक्स पुढे गेलं, फोन मागे राहिला. दोन-चार वर्षांनी कंपन्यांनी ते अद्ययावत करणं थांबवलं, तेव्हा फोनची काच आणि चिप धडधाकट होती. म्हातारी झाली होती ती ही गोठलेली प्रत. २०१७ साली सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसनं हेच दुखणं धरलं. बाजारातून उतरलेल्या फोनचं आयुष्य दहा वर्षांवर न्यायचं, हा त्यांचा पण. त्यासाठी सरळ पण कष्टाचा रस्ता धरायचा: फोनच्या चिपची ओळख मूळ लिनक्सलाच करून द्यायची. ८४५ च्या बाबतीत हे काम पुष्कळ पुढे गेलं आहे. म्हणून २०१८ सालच्या माझ्या फोनवर ६.x मालिकेचं लिनक्स चालतं.

उबंटू टच किंवा सेलफिश यांनी बहुतेक फोनांवर दुसरी वाट धरली. तिथे अँड्रॉइडचेच ड्रायव्हर तसेच ठेवून मधे एक दुभाषा बसवतात. वापरायला ते जास्त गुळगुळीत, कॅमेराही चांगला. पण गाभा तोच, गोठलेला. रोज वापरायलाच कुणी विचारलं, तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन. मला शिकायचं होतं, म्हणून मी अवघड घाट निवडला.

पहिल्यांदा फोन सुरू केला तेव्हा कंपनीचं चिन्ह आलं, मग कुलपाचा पडदा. पिन १४७१४७. आकड्यांच्या पाटीवर डावी ओळ वरून खाली, दोनदा. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे टर्मिनल उघडून प्रणाली अद्ययावत करायची. त्या आज्ञेचं नाव आहे 'एपीके'. अँड्रॉइडच्या एपीके फाइलींशी तिचा काही संबंध नाही. ज्या अल्पाइन लिनक्सवर ही प्रणाली उभी आहे, तिच्या साधनाचं नाव योगायोगानं तेच. आठवडाभर हा घोळ माझ्या डोक्यातून जाईना.

त्या दिवशी बहिणीचा मेसेज आला तो नुसत्या चौकोनांत. देवनागरी फॉन्टच नव्हता. एका आज्ञेत तो बसला आणि जोडाक्षरं अगदी सुबक उमटली. अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची जी मुक्त प्रणाली करते, तीच अँड्रॉइडमध्ये आणि क्रोममध्येही आहे. मराठी कळफलक मात्र मनासारखा नव्हता. पण इथला कळफलक म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या ओळीत कोणतं अक्षर, एवढंच तिच्यात लिहायचं. रात्री जागून मी माझा कळफलक लिहिला. ळ अंगठ्याखाली घेतला. ऱ ला पहिल्याच पानावर जागा दिली, कारण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कळफलकांत तो कुठेतरी अडगळीत असतो. त्याच्यावाचून कैऱ्या आणि दऱ्या लिहायच्या कशा? आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा यात लग्नघरात बराच फरक पडतो. एका ओळीत एक मोकळी जागा जास्त पडली म्हणून मराठी सोडून इंग्रजी पाटीच येत राहिली; ती चूक शोधायला तास गेला. पण माझ्या फोनवरचं माझ्या भाषेचं बटण कुठे असावं, हे पहिल्यांदा मी ठरवलं होतं.

कॉम्प्युटरचं म्हणून जे जे काम आहे, ते हा फोन फार छान करतो. घरच्या वाय-फायवरून लॅपटॉप या फोनच्या आत शिरतो, फाइली उचलतो. मोठा पडदा आणि कळफलक जोडला तर लिहायला बसता येतं. जाहिरात नाही, ढकलून दिलेलं ॲप नाही. खरी अडचण येते ती, ज्याला आपण 'फोन' म्हणतो त्या बाजूला.

पहिलं उदाहरण बोलण्याचंच. एका सिमवर इंटरनेट सुसाट, पण आलेला फोन कळेचना. "किती वेळा लावला, बंद आहे म्हणते ती बाई," आईची तक्रार. मी मात्र तेव्हा त्याच फोनवर व्हिडिओ बघत होतो! याचं मूळ असं, की २जी आणि ३जीच्या जाळ्यात आवाजासाठी वेगळी वाट राखलेली असे. ४जीत तशी वाटच नाही. तिथे आवाजही डेटाच्या पुड्या बांधून पाठवायचा, आणि त्यासाठी फोनच्या मोडेमनं कंपनीच्या यंत्रणेत वेगळी नोंदणी करायची. हेच व्होएलटीई. मोडेम म्हणजे फोनच्या आतला स्वतंत्र कॉम्प्युटर. त्याची प्रणाली वेगळी आणि कडेकोट बंद. लिनक्स त्याला निरोप पाठवू शकतं, आत डोकावू शकत नाही. कोणत्या कंपनीच्या जाळ्यात नोंदणी कशी करायची, याचे तपशील या बंद कपाटात असतात. ते जुळले नाहीत की मोडेम २जीवर उतरून बोलायचं बघतो. सिम ज्या जाळ्याचं आहे तिथे २जी असेल तर ठीक, नसेल तर फोन म्हणजे नुसता पडदा. मी सिम बदललं. आता बोलणं होतं, पण बोलत असताना इंटरनेट बंद पडतं. २०१० साली आपल्याला यात काही वावगं वाटत नव्हतं.

कॅमेऱ्याचंही तसंच. परवा पोह्यांचा फोटो काढला, तर पोह्यांवर शेवाळ धरल्यासारखं दिसलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाहीत, फक्त उजेड कळतो. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. चारांतल्या दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. आपल्या डोळ्याला हिरवट उजेडातले बारकावे जास्त कळतात म्हणून. कोडॅकच्या ब्राइस बेयरनं याचं पेटंट १९७६ साली मिळवलं. म्हणजे सेन्सरमधून येणारं कच्चं चित्र हिरवटच असतं. त्याचा पोह्यांचा पिवळा करायचा, अंधार उजळायचा, भिंगाची वक्रता काढायची, हे सगळं चिपमधला वेगळा भाग करतो, आणि तो कसा करतो ही कंपनीची राखलेली गोष्ट. लिनक्सवाले तेच काम आता सॉफ्टवेअरनं करू लागले आहेत. जमतं आहे, हळूहळू. तोवर आमच्याकडे पोहे हिरवे.

आणि पैसे. या फोनवर वेड्रॉइड नावाच्या पेटीत अख्खं अँड्रॉइड चालवता येतं, बरीच ॲप त्यात नीट चालतात. माझ्या बँकेचं ॲप उघडलं, दोन सेकंद विचार केला आणि 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणून मिटलं. गेल्या आठवड्यात सुरक्षेची ठिगळं लावलेला फोन असुरक्षित, आणि चार वर्षं ठिगळ न लागलेला, पण कंपनीच्या कुलपातला फोन सुरक्षित! मी चिडलो खरा. पण बँकेचीही बाजू आहे. समोर कुठली प्रणाली आहे हे तिला लांबून ओळखायचं असतं, आणि त्यासाठी तिच्या हातात चिपमधल्या किल्लीनं केलेली एक सही तेवढी असते. माझ्या प्रणालीकडे ती सही नाही. शिवाय यूपीआयची नोंदणी करताना फोनमधल्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि वेड्रॉइडच्या पेटीला सिम दिसतच नाही.

मग मी *९९# ची वाट धरली. इंटरनेटशिवाय, साध्या फोनवरून बँक व्यवहार करायची ती सोय. एका वेळी पाच हजारांपर्यंत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभा राहून मी आकड्यांमागून आकडे दाबत होतो. मागे तिघं जण ताटकळत होते.

"काका, रोख चालेल ना?" शेवटी मी विचारलं.

"चालंल की. सुट्टे द्या फक्त."

तेव्हापासून खिशात पाकीट परत आलं आहे. व्हॉट्सॲप मी ब्राउझरमधून वापरतो. पण त्याला मूळ फोन लागतोच, म्हणून तो घरी कपाटात असतो. दोन आठवड्यांत एकदा तरी तो उघडला नाही, तर जोडणी तुटते. म्हणजे एक फोन मुक्त ठेवायला दुसरा बांधून ठेवलाय, हे कबूल करायला हवं.

गजराचा प्रश्न सुटला. सुरुवातीला मी फोनचं झोपणंच बंद केलं, तर तीनच्या सुमाराला बॅटरी संपली. मग झोपण्याआधी आतल्या घड्याळाला वेळ सांगून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मिळाला. गेले दोन महिने गजर वेळेवर वाजतो आहे. आईनं तरी टेबलावरचं चावीचं घड्याळ हलवलेलं नाही, आणि मीही तिला हलव म्हटलेलं नाही.

एकुलता एक फोन म्हणून आज मी हा कुणाच्या हातात देणार नाही. दुसरा फोन म्हणून, खणातल्या जुन्या यंत्राचं काय करायचं म्हणून, किंवा इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना फोनच्या पोटात काय असतं ते दाखवायला म्हणून मात्र याच्यासारखं दुसरं साधन नाही. करून बघायचं असेल, तर आधी आपलं मॉडेल पोस्टमार्केटओएसच्या यादीत आहे का आणि त्यात काय काय चालतं हे पाहा. बॅटरी फुगलेली असेल तर हात लावू नका. आणि बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली उघडून देणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा जुने फोटो आधी काढून घ्या.