पेसमेकर, चुंबक आणि वीतभर अंतर

पेसमेकर बसवून घरी आलेल्या व्यक्तीला भेटायला येणारे पाहुणे फळांबरोबर सूचनाही घेऊन येतात. मोबाईलला हात लावू नका, टीव्हीपासून लांब बसा, मिक्सर सुरू झाला की खोलीबाहेर जा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याचे घर मात्र दिवसेंदिवस लहान होत जाते.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे असेच झाले होते. वय अठ्ठ्याहत्तर. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवून चार महिने झाले होते. चाळीस वर्षे सकाळचा पहिला चहा तेच करीत. घरात इंडक्शन शेगडी आहे म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणे सोडले होते. फ्रिजही सूनबाईंना दुसऱ्या भिंतीला लावायला सांगितला होता. एवढे करूनही त्यांची तक्रार होती, "डॉक्टर, मधूनच छातीत धडधडते आणि आपोआप थांबते."

मी नाडी मोजली. मिनिटाला शंभरच्या आसपास, आणि घड्याळाच्या टिकटिकीसारखी एकसारखी. जुना अहवाल दाखवण्यासाठी त्यांनी सदऱ्याच्या डाव्या खिशातून मोबाईल काढला. त्या वेळी माझी बोटे त्यांच्या मनगटावरच होती. नाडी क्षणार्धात सत्तरीच्या खाली आली. मोबाईलला पुस्तकासारखे मिटणारे आवरण होते आणि ते घट्ट मिटावे म्हणून त्याच्या कडेला चुंबक बसवलेले होते. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर तपासला. तो पूर्णपणे ठीक होता. ज्या वस्तूंना गुरुजी भीत होते त्या निरुपद्रवी निघाल्या, आणि जिची भीती वाटली नाही ती त्यांच्या छातीशी होती.

असे का घडले हे समजून घेण्यासाठी विजेचे दोन-तीन साधे नियम पुरेसे आहेत.

आपले हृदय मुळातच विजेवर चालते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा समूह विद्युत्-संदेश निर्माण करतो आणि प्रत्येक संदेशासरशी हृदय आकुंचन पावते. हा समूह मंदावला किंवा संदेशाची वाट मध्येच तुटली, की पेसमेकरची गरज भासते. विजेचा पहिला नियम असा, की प्रवाहाला जाण्याच्या वाटेइतकीच परतीची वाटही लागते. बॅटरीचा दिवा लावताना सेलच्या एका टोकातून निघालेला प्रवाह दिव्यातून दुसऱ्या टोकाला परत येतो, तेव्हाच दिवा लागतो. पेसमेकरमध्ये दिव्याच्या जागी हृदयाचा स्नायू असतो. तीन व्होल्टांहूनही कमी दाबाचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकणारा स्पंद तारेतून हृदयापर्यंत जातो आणि स्नायूतून परत येतो. एका ठोक्यासाठी एवढे पुरते.

पण पेसमेकर केवळ बोलत नाही, तो आधी ऐकतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर तो गप्प राहतो, ठोका चुकला तरच मदतीला येतो. त्याला ऐकू येणारा हृदयाचा संदेश व्होल्टच्या काही हजारांश भागांइतका क्षीण असतो. घरातली वीज २३० व्होल्टची असते. मग या गोंगाटात एवढा हलका आवाज ऐकू कसा येतो, हा प्रश्न रास्त आहे.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसले, की तारेतून प्रवाह जाताच जवळची होकायंत्राची सुई वळते. वीज वाहते तिथे चुंबकक्षेत्र निर्माण होते. १८३१ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी उलट बाजू दाखवली. बदलणाऱ्या चुंबकक्षेत्रात तारेचे वेटोळे असेल, तर त्या वेटोळ्यात आपोआप वीज निर्माण होते. इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर भांडे तापवते. पेसमेकरची तार आणि तिची परतीची वाट मिळूनही एक वेटोळेच होते. म्हणून आजच्या बहुतेक पेसमेकरमध्ये तारेच्या टोकाशी दोन ध्रुव अगदी जवळजवळ ठेवतात. वेटोळे जितके लहान, तितका बाहेरचा उपद्रव कमी. त्याखेरीज टायटॅनियमची डबी आणि आतल्या गाळण्या नको ते संदेश अडवतात. टीव्ही, फ्रिज, पंखा, इस्त्री, मायक्रोवेव्ह ही सुस्थितीतली उपकरणे आपण नेहमीसारखी खुशाल वापरावीत, ती यामुळेच.

मग गुरुजींची नाडी का बदलली? पेसमेकरमध्ये चुंबकाला ओळखणारी एक कळ मुद्दाम ठेवलेली असते. डॉक्टरांनी वर चुंबक धरले, की यंत्र ऐकणे थांबवते आणि ठरावीक गतीने ठोके देऊ लागते. तपासणीत व शस्त्रक्रियेत याचा उपयोग होतो. तेच काम खिशातले चुंबक नकळत करीत होते. चुंबक दूर होताच यंत्र पूर्ववत झाले. झटका देऊन हृदयाची घातक लय थांबवणारे आयसीडी हे यंत्र मात्र वेगळे. चुंबक जवळ असेपर्यंत त्यातील झटक्याची सोय स्थगित होऊ शकते आणि नेमक्या त्याच वेळी तिची गरज पडली तर जीवावर बेतेल. अशा रुग्णांनी अधिक काटेकोर राहावे.

यावरचा उपाय निसर्गानेच दिला आहे आणि तो फुकट आहे. लहान चुंबकापासूनचे अंतर दुप्पट केले, की त्याचा प्रभाव साधारण एक अष्टमांश होतो; तिप्पट केले, की सत्ताविसावा भाग. मोबाईलसाठी सांगितले जाणारे अंतर १५ सेंटिमीटर आहे. आपली पसरलेली वीत त्याहून मोठीच भरते. मोबाईल, चुंबकी आवरण, इअरफोन, चालू मिक्सर यांच्यात आणि पेसमेकरमध्ये एक वीत राखावी. मोबाईल डाव्या खिशात न ठेवता विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. तारेविना चार्ज होणारा फोन फूटभर दूर असावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. रक्तदाबासाठी किंवा सांधेदुखीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चुंबकी माळा, पट्टे, गाद्या पेसमेकर असणाऱ्याने वापरू नयेत.

देवस्थानात किंवा विमानतळावर धातुशोधक कमानीतून नेहमीच्या चालीने जावे, तिथे रेंगाळू नये. पेसमेकरचे कार्ड दाखवावे आणि हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नका, असे नम्रपणे सांगावे. एमआरआय, दुखण्यावर विजेचा शेक, दातांचे उपचार, कोणतीही शस्त्रक्रिया यांआधी हे कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावे.

घरातल्या मंडळींना एक वेगळी विनंती. धुलाईयंत्र, गिझर किंवा पाण्याचा पंप यांना हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर त्या कुणासाठीही धोक्याची सूचना आहेत. अर्थिंग सदोष असल्याने प्रवाह परतीची वाट आपल्या शरीरातून शोधतो आहे, असा त्याचा अर्थ. सेकंदाला ५० आवर्तने करणारा तो प्रवाह पेसमेकरला हृदयाचेच ठोके वाटू शकतो आणि गरज असूनही यंत्र गप्प बसू शकते. गळती ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ घरात अवश्य असावी. पण त्याहून कमी गळतीनेही पेसमेकर गोंधळू शकतो, म्हणून झिणझिणी जाणवताच ते उपकरण बंद करून वायरमनला बोलवावे.

एखाद्या उपकरणाजवळ भोवळ आली किंवा धडधडले, तर प्रथम तिथून दूर व्हावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच यंत्र पूर्ववत होते. त्यानंतर डॉक्टरांना मात्र जरूर कळवावे. बरे वाटत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

१९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. ते पहिले यंत्र काही तासच चालले. पुढे वीसहून अधिक वेळा यंत्र बदलत ते वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. पेसमेकर आयुष्य चालू ठेवण्यासाठी बसवतात, घराच्या कोपऱ्यात बसून राहण्यासाठी नव्हे.

गुरुजींनी मोबाईलचे आवरण बदलले आणि तो आता पिशवीत ठेवतात. धडधड पुन्हा झाली नाही. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा इंडक्शन शेगडी ओट्याच्या दूरच्या टोकाला होती. गॅसवर आधण ठेवलेले होते आणि त्यात साखर गुरुजीच घालीत होते.