शाळेतील इतिहास आणि अर्थशास्त्र : बारामती-इंदापूरचा धडा

माध्यमिक शाळेत इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय कसे शिकवावेत, हा प्रश्न शिक्षकांनी आपापसांत सोडवावयाचा आहे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या मुलाला शाळा सुटल्यावर पाच-सात वर्षांच्या आत सोसायटीच्या कर्जरोख्यावर सही करावी लागणार आहे, कोणा नातलगाला जामीन राहावे लागणार आहे, उसाच्या बिलातील कपाती वाचाव्या लागणार आहेत आणि या सर्वांबरोबर मतही द्यावयाचे आहे, त्या मुलाला शाळेने काय दिले, हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे. म्हणून नागरिकांपुढे त्याचा थोडा विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आजची स्थिती सर्वांच्या परिचयाची आहे. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि अर्थशास्त्र म्हणजे व्याख्या, असे विद्यार्थी धरून चालतो. पुस्तके करणाऱ्यांनी काही प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१७ साली आलेल्या नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राची ओळख करून देणारे एक प्रकरण घातले गेले. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासात इतिहासलेखनाची परंपरा आणि उपयोजित इतिहास यांना जागा मिळाली. हेतू चांगलाच होता. परंतु एक विषय एका पुस्तकात आणि दुसरा दुसऱ्या पुस्तकात राहिल्यामुळे, भाव, व्याज, सारा या गोष्टी माणसांच्या आयुष्यात कधी आणि कशा शिरल्या, हे मुलांना कळावयाचे राहून जाते.

वस्तुतः हे दोन विषय जन्मतः वेगळे नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीने आपले अधिकारी तयार करण्यासाठी इंग्लंडात हेलिबरी येथे जे कॉलेज चालविले, तेथे माल्थस हा विख्यात अर्थशास्त्रज्ञ इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्हींचा एकच प्राध्यापक होता. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांचे हिंदी अर्थशास्त्रावरील निबंध १८९८ साली आणि मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला; दोन्हींमागे एकच बुद्धी होती. गोपाळ कृष्ण गोखले हेही फर्ग्युसन कॉलेजात हे दोन्ही विषय शिकवीत. तेव्हा त्यांची पुन्हा गाठ घालून देण्यात नवीन असे काही नाही. आणि ती गाठ घालण्यासाठी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल.

इंदापूरपासून आरंभ करू. पेशवाई गेल्यानंतर पुणे जिल्ह्याचा सारा ठरविण्याचे काम १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आले. हा हेलिबरीत शिकून आलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत १८१७ साली पुस्तकरूपाने आला होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा केला म्हणजे जी बाकी राहते, तिच्यातून सरकारने आपला हिस्सा घ्यावा, या विचाराने प्रिंगलने प्रत्येक प्रतीच्या जमिनीची निव्वळ प्राप्ती काढली आणि तिच्यापैकी ५५ टक्के सारा धरला. कागदावर हिशोब चोख होता. पण मोजणीत चुका होत्या, हाताखालच्या नोकरांनी लबाड्या केल्या, आणि पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात 'सरासरी उत्पन्न' हाच मुळी अंदाज होता. सारा झेपेना, तेव्हा लोकांनी जमिनी टाकल्या.

पुढे गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये याच इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. निव्वळ नफ्याच्या गणिताचा नाद त्यांनी सोडला. मागील वसुली, हवापाणी आणि बाजारपेठ पाहून तालुक्याचा एकूण आकार ठरवावयाचा आणि मग जमिनीचा पोत व खोली यांवरून प्रत ठरवून तो शेतांवर वाटावयाचा, अशी त्यांची रीत होती. सारा कमी झाला, ३० वर्षांसाठी कायम झाला आणि पडीक जमीन पुन्हा वहितीत आली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या घरच्या जुन्या उताऱ्यावर जो 'सर्व्हे नंबर' दिसतो, त्याचे मूळ या पद्धतीत आहे. ही एवढी हकिकत नववीच्या मुलाला सांगितली आणि त्याला त्याच्या शेतातील एक एकर ज्वारीचा खर्च घरी विचारून लिहून आणावयास लावले, म्हणजे 'निव्वळ उत्पन्न' हा शब्द समजतो. आणि घरच्यांच्या मजुरीची किंमत कशी धरावी यावर वर्गात जो वाद होईल, त्यातून प्रिंगल का फसला हेही समजते.

आता सुप्याकडे वळू. त्या काळी भीमथडी तालुक्यात आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी १२ मे १८७५ रोजी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. दुकाने लुटली गेली, घरांना आगी लागल्या. तेथून ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत गेली. माणसांवर हात क्वचितच टाकला गेला. रोख होता तो कागदांवर. १८७५ हेच साल न्या. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला म्हणून सांगितले जाते, हेही श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

परीक्षेत या दंग्याचे कारण विचारले, तर 'सावकारांनी पिळले म्हणून' असे एका ओळीचे उत्तर येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. सावकारी जुनीच होती, मग १८७५ सालीच का भडका उडाला? इथे अर्थशास्त्र मदतीला येते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्यापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश तिकडून येई. तो थांबताच हिंदी कापसाला भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना, त्यांनी गावच्या सावकारांना आणि गावच्या सावकारांनी कुणब्यांना मोकळ्या हाताने पैसा दिला. १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले, आणि वरून सुरू झालेली ही साखळी वरूनच आखडू लागली. नेमक्या याच सुमारास ३० वर्षांची मुदत सरली आणि १८६७ पासून, प्रथम इंदापुरात, साऱ्याची फेरपाहणी सुरू झाली. वाढ ठिकठिकाणी ५० ते १०० टक्क्यांपर्यंत गेली. भाव उतरलेला, सारा चढलेला, आणि सावकार उधार द्यावयास नाकारतो आहे : या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा सुप्याचा दंगा झाला. कोणी विद्यार्थी दुष्काळाचे कारण सांगेल. त्याला तारखा पाहावयास लावाव्यात. मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा, म्हणजे दंग्यानंतरचा. कारण हे कार्याच्या आधी असावे लागते, एवढे कळण्यापुरता तरी सनावळीचा उपयोग आहेच.

याच प्रकरणात गणिताच्या शिक्षकांनाही काम आहे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्यामागे हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. समजा, कर्ज १०० रुपये आणि व्याज दरमहा शेकडा दोन. काहीच फेड झाली नाही, तर सरळ व्याजाने नऊ वर्षांनी ३१६ रुपये होतात. तीन वर्षांनी रोखा बदलला, तर १०० चे १७२, १७२ चे २९६ आणि तिसऱ्या खेपेस सुमारे ५०९ रुपये होतात. कुणब्याच्या भल्यासाठी केलेला कायदा त्याच्याच गळ्याशी कसा आला, हे फळ्यावरच्या तीन ओळींत मुलांना दिसते. हे गणित ज्याने एकदा स्वतः केले, तो जुने कर्ज नव्यात वळवून घेताना आकडा विचारल्याशिवाय सही करणार नाही.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली पार्लमेंटपुढे गेला. साऱ्याची वाढ हे दंग्याचे कारण आहे काय, हे पाहण्याचे काम आयोगाकडे होते. आणि सारा दोषी नाही, दोष सावकारांचा, असा निर्वाळा त्याने दिला. अहवालात माहिती विपुल आहे आणि ती वापरलीच पाहिजे. परंतु निकाल देणारा कोणी नेमला होता, हे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. १८७९ साली शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

येथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. बारामती-इंदापूरच्या वर्गात कर्जदाराच्या आणि सावकाराच्या घराण्यांतील मुले आज एकाच बाकावर बसतात. शिक्षकाने हा पाठ एका जातीची दुष्टाई म्हणून सांगितला, तर एक मूल मान खाली घालील आणि बाकीची चुकीचेच शिकतील. सावकाराने फसविले तेथे फसविले असे स्पष्ट म्हणावे. खोट्या नोंदी, पावती न देणे, हे सारे घडले होते. पण तो स्वतःही वरच्या पेढीचा देणेकरी होता, हेही सांगावे. हा समतोल साधण्यास दोन्ही विषय लागतात. नुसत्या इतिहासातून राग उरतो, आणि नुसत्या अर्थशास्त्रातून माणसे नाहीशी होतात.

पुढचा भाग मुलांच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि पळसदेवासारखी गावे पाण्याखाली गेली. पाणी कोणाला मिळाले, जमीन कोणाची गेली, भांडवल कोणी घातले आणि दर कोण ठरवितो, हे चार प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारले की पुरे.

'अभ्यासक्रमच संपत नाही, त्यात हे कोठून बसवावे?' ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. आमची मागणी फार मोठी नाही. वर्षातून सहा तास : दोन इंदापूरच्या मोजणीला, तीन सुप्याला आणि एक आजच्या कर्जरोख्याला. एवढ्याने गुण कमी होणार नाहीत. उलट 'कारणे द्या' या प्रश्नाला मुले पाठ न करता उत्तर देऊ लागतील.

आणि नागरिकांनी काय करावे? आपल्या माळ्यावरच्या पेटीत जुनी खतावणी, साऱ्याची पावती, कारखान्याचे पहिले शेअर-सर्टिफिकेट असेल, तर ते वाळवीच्या हवाली न करता शाळेला पाहावयास द्यावे. खाजगी नावे झाकून त्याची प्रत काढता येते. सोसायटीच्या चिटणीसाने वर्षातून एक तास वर्गात येऊन कोरा कर्जरोखा ओळीओळीने वाचून दाखवावा. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याची वाट त्यांना दिसत नव्हती. आपल्या मुलांना कागद वाचता आला पाहिजे, त्यातील चूक दाखविता आली पाहिजे आणि तो बदलून घेता आला पाहिजे. इतिहास आणि अर्थशास्त्र शाळेत शिकवावयाचे ते एवढ्यासाठी.