प्रवराकाठची उत्खातभूमि

उन्हाळ्याची सुटी आली म्हणजे आमच्या कोलशेतच्या घरांत थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. यंदा पुतण्यानें निराळाच विषय काढला. अमेरिकेंतील दक्षिण डाकोटा प्रांतांत ‘बॅडलँड्स’ नांवाचें, १९७८ पासून राष्ट्रीय म्हणून गणलेलें उद्यान आहे. मोटारसायकलींवरून आणि निजण्याबसण्याची सोय असलेल्या कॅम्पर गाड्यांतून लोक तें पाहावयास जातात. “काका, आपल्याकडे असें कांहीं नाहीं का?” त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, “आहे, आणि तेंहि एका दिवसाच्या वाटेवर.”

तो मोटारसायकलवर पुढें आणि घरची मंडळी भाड्याच्या कॅम्परमध्यें मागें, असे आम्ही पहाटे निघालों. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असें करीत दुपारीं संगमनेर गांठलें. तेथून पूर्वेस प्रवरेच्या कांठीं ती भूमि आहे.

भूगोलांत तिला ‘उत्खातभूमि’ म्हणतात. उत्खात म्हणजे उकरलेलें. हजारों वर्षें नदीनें साचविलेला मऊ गाळ पुढें तिनेंच कापला. ओढ्यानाल्यांनीं त्यांत घळी पाडल्या. सह्याद्रीच्या आडोशामुळें येथें पाऊस थोडा, पण पडतो तो झोडपून. गवताचें आच्छादन विरळ, मग माती कशी टिकावी? धाकट्या नातीनें घळीच्या भिंतीवर तांब्याभर पाणी ओतलें, तोंच तेथें बोटभर चर पडला. पुस्तकांतील चार पानांचें काम त्या तांब्यानें केलें.

कॅम्पर सडकेवरच ठेवला होता. पुतण्या मात्र मोटारसायकल घेऊन उतारावरून घळींत गेला; आम्हींहि त्यास अडविलें नाहीं. रात्रीं वळवाची सर आली. सकाळीं पाहतों तों त्याच्या चाकाच्या खुणेवरून पाणी वाहून नवा ओघळ तयार झालेला! पुतण्या खालीं मान घालून उभा होता. दोष आमचाहि होताच.

पलीकडे घळी सपाट करून ऊस लावलेला दिसला. एक शेतकरी म्हणाले, “गुरुजी, खड्ड्यांत पीक कसं यायचं? सपाट केलं तरच पोट भरतं.” त्यांस काय उत्तर द्यावें? पण जवळच्याच जोर्वे गांवीं १९५०-५१ सालीं उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगीन वस्ति उजेडांत आली, आणि ‘जोर्वे संस्कृति’ हें नांव इतिहासांत रूढ झालें. ही माती निव्वळ ओसाड नव्हे. तिच्या थरांत पूर्वजांचे दिवस निजलेले आहेत.

शेतकऱ्याचें शेत त्याला लाभो. पण या घळींचा एखादा तुकडा तरी जसाच्या तसा राखला जावा, असें आम्हांस वाटतें. पाहावयास जाणारांनीं गाडी सडकेवर ठेवावी आणि पुढें पायींच जावें. खाडीकांठीं राहणाऱ्या आम्हांस गाळ साचतांना रोज दिसतो. तो सुटतो कसा, हें मात्र साठी उलटल्यावर, आमच्याच चाकानें शिकविलें.