वाळकं लाकूड जाळलं तर बिघडलं कुठे?

हरिश्चंद्रगड असो, भीमाशंकर असो की सांदण दरीजवळचं साम्रद, तंबू ठोकून झाले की पुढची हाक ठरलेली: "चला, लाकडं गोळा करा!" कोणी हरकत घेतली तर उत्तरही ठरलेलं. "अहो, झाड कुठे तोडतोय? वाळकं, पडलेलं लाकूड आहे. नाहीतरी कुजूनच जाणार." शिकलेसवरलेले, जंगलावर मनापासून जीव असलेले लोक हे म्हणतात, त्यामुळे जास्त वैताग येतो.

कुजून जाणार हे खरंच आहे, पण त्या कुजण्यावरच तर जंगल चालतं. पडलेला ओंडका हात न लावता, खाली बसून नीट पाहा. सुटलेल्या सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पोखरलेल्या वाटा दिसतील, वाळवीने चढवलेल्या मातीच्या नळ्या दिसतील, कडेने बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतील. तळाच्या ओलीत विंचू, गोम, कधी एखादा बेडूक. या सगळ्यांनी मिळून लाकडाची माती केली की त्याच जागी नवं रोप धरतं. उभं वठलेलं झाडही टाकाऊ नसतं. तांबट आणि कुटुर्गा अशाच मऊ पडलेल्या लाकडात ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षी अंडी घालतात. "सुकंच आहे" म्हणून ते झाड पाडलं की त्या सगळ्यांची सोय गेली.

भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवरची बुरशी रात्री हिरवट चमकते. ती बघायला माणसं लांबून येतात. ती ज्यावर उगवते तेच लाकूड आपण हिवाळ्यात शेकोटीत घालतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा हट्ट असतो, "जाताना शेकोटीवर माती टाकतो, विझते." नाही विझत! चूल वापरणाऱ्या घरात रात्री विस्तवावर राख ओढून ठेवतात आणि सकाळी फुंकर मारून तोच विस्तव पुन्हा पेटवतात. मातीखाली निखारा तसाच जपला जातो. वरून गार दिसणारी जागा कित्येक तास आत धुमसते, मुळांमधून सरकते. विझवायची तर भरपूर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाली की मगच निघायचं. गडावर एवढं पाणी असतं का? मग पेटवायचीच कशाला?

दिवाळीनंतर सह्याद्रीचे उतार गवताने पिवळे पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत ते गवत कुरकुरीत होतं. आग चढावर झपाट्याने पळते, कारण तिची धग वरचं गवत आधीच तापवते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि २० हून अधिक जणांचा जीव गेला. ती आग कशी लागली हा प्रश्न वेगळा, पण अशा उतारावर माणसाला पळायला वेळ मिळत नाही, एवढं त्यावरून कळायला हवं. आपल्याकडे वनखात्याचे मजूर उन्हाळ्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढण्यासाठी राबतात. एका ठिणगीने त्यांची सगळी मेहनत वाया जाते.

"जंगल सरकारी, म्हणजे आपलंच" असंही ऐकवतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ वाचा. वन अधिकाऱ्याने मुभा दिलेला काळ सोडला तर राखीव वनात विस्तव पेटवणं, ठेवणं आणि सोबत नेणंसुद्धा गुन्हा आहे. हरिश्चंद्रगड तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरण्यावरच बंधनं आहेत. कोयना अभयारण्यातल्या वासोट्यावर मुक्काम करता येत नाही. दिवसा जायचं तरी परवानगी लागते.

"गावकरी जाळतात, मग आम्हीच का नको?" हा प्रश्न मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. गावातली बाई मोळी आणते ती भाकरी भाजायला. शनिवार-रविवारच्या गर्दीने तळाभोवतीचं सरपण संपवलं की तिलाच आणखी लांब चालावं लागतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शेकोटी पाहून जनावरं लांब राहतात म्हणतात, पण तंबूत ठेवलेल्या खाण्याचा वास त्यांना बोलावतोच. अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. संत्र्याची सालं "जिरून जातात" खरी, पण त्याला महिने लागतात आणि तोवर माकडांना माणसाच्या खाण्याची चटक लागते. कागदी प्लेट कुजते हेही अर्धंच खरं, कारण बऱ्याच प्लेटांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो. साबण वनस्पतीजन्य असला तरी गडावरच्या टाक्यात नको. ते पुढच्यांचं पिण्याचं पाणी आहे. शौचाला पाण्यापासून निदान ६०-७० मीटर लांब जा, वीतभर खोल खड्डा खणा आणि नंतर बुजवा. काजव्यांवर टॉर्च मारल्याने ते "जास्त चमकत" नाहीत. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनी शोधतात आणि आपल्या उजेडात त्या खुणा बुडतात.

आणि रात्र डोंगरातच काढायची असेल तर पाचनई, खिरेश्वर, साम्रद अशा पायथ्याच्या गावात विचारून अंगणात नाहीतर खळ्यात तंबू लावा. पिठलं-भाकरी घरच्या चुलीवरची मिळते, त्याचे पैसे त्याच घरात राहतात आणि थंडी वाजली तर त्या चुलीशी बसायला कोणी नाही म्हणत नाही.