मागच्या सीटवर पायांना जागा

जालना जिल्ह्यातील राजूर हे गाव जालना-भोकरदन रस्त्यावर आहे. तेथे राजुरेश्वर गणपतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. अंगारकी चतुर्थीला तेथे फार मोठी गर्दी होते. एस.टी. भरली की लोक जीप करून जातात. अशा जीपमध्ये तुम्ही मागच्या सीटवर बसलात, तर सर्वांत आधी तुमचे गुडघे तक्रार करतील!

मग मनात येते, ही सीट थोडी मागे सरकवली तर? बोल्ट काढायचे, पत्र्याला नवी भोके पाडायची, की झाले काम! पण हे दिसते तितके सोपे नाही.

गाडीची लांबी ठरलेली असते. मधली सीट 10 सेंटिमीटर मागे गेली, तर तिच्या मागची जागा तेवढीच कमी होते. म्हणजे तुमचे पाय मोकळे होतात आणि मागच्या माणसाचे आखडतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कारखान्यात सीट गाडीच्या मजबूत भागाला पक्की बसवलेली असते. समजा, ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली. अशा वेळी 50 किलो वजनाच्या माणसाला थोपवून धरायला सुमारे 700 किलो वजनाइतका जोर लागतो. पातळ पत्र्यात लावलेला बोल्ट हा जोर कसा सहन करील? तो उपटला तर सीट माणसांसकट पुढे फेकली जाईल. सुरक्षा पट्ट्याचेही तसेच आहे. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. सीट हलली आणि पट्टा जुन्याच जागी राहिला, तर तो पोटावर येऊ शकतो.

म्हणून कायद्यानेही मर्यादा घातली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 2019 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग पायांना जागा मिळणारच नाही का? मिळेल. घरी एक प्रयोग करून पाहा. भिंतीला पाठ टेकवून आधी पाटावर बसा, मग खुर्चीवर बसा. पाटावर बसल्यावर पाय पुढे पसरावे लागतात. खुर्चीवर ते सरळ खाली सोडता येतात. उंच बसले की पायांना पुढे कमी जागा पुरते. जुन्या सीटची गादी दबलेली असते. त्यामुळे आपण खाली रुततो आणि गुडघे वर येतात. गादीत नवा फोम भरून तिची मूळ उंची परत आणली, तर एकही बोल्ट न काढता आराम मिळतो. पुढच्या सीटखालच्या पिशव्या काढा, म्हणजे पावले तिथे सरकवता येतील. पुढची सीट सरकणारी असेल, तर ती थोडी पुढे घ्यायला सांगा.

मात्र गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे कोंबली असतील, तर यांपैकी कोणताही उपाय चालणार नाही. अशा गाडीत चढू नका. पुढच्या गाडीची वाट पाहा.